रेडिओलॉजीची सीट : बेळगाव-निपाणी-खानापूरकडून वारंवार येणारे प्रश्न

नीट-पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतर स्पेशालिस्ट व्हायच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की माझ्या फोनवर दोन तऱ्हेचे मेसेज सुरू होतात. मुलांचे असतात ते एका ओळीचे: "मॅडम, एवढी रँक आहे, रेडिओ लागेल का?" आई-वडिलांचे लांबलचक, आणि त्यात शेवटी जमिनीचा किंवा प्लॉटचा उल्लेख असतो. मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करते. पीजी होऊन तेरा वर्षं झाली. दरवर्षी तेच टाइप करून कंटाळले, म्हणून प्रश्न जसे येतात तसे घेऊन इथे उत्तरं लिहिली आहेत.

१. रेडिओलॉजिस्ट म्हणजे एक्स-रे काढणारेच ना? त्यासाठी एवढं शिकायचं कशाला?

एक्स-रे, सीटी, एमआरआय काढतात ते टेक्निशियन. त्यांचा कोर्स वेगळा असतो आणि त्यांच्यावाचून आमचं पान हलत नाही. रेडिओलॉजिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर तीन वर्षं एमडी केलेला डॉक्टर. तो ती चित्रं वाचतो आणि रिपोर्टवर सही करून जबाबदारी घेतो. सोनोग्राफी मात्र आपल्याकडे डॉक्टर स्वतःच्या हाताने करतो. कॅन्सरला 'लाइट' देतात ती ब्रँच निराळी, तिचं नाव रेडिएशन ऑन्कॉलॉजी. चॉइस भरताना ही दोन नावं उलटसुलट टाकणारी मुलं मी पाहिली आहेत. हसू नका, रात्री दोनला यादी भरताना होतं असं.

२. सगळे टॉपर रेडिओच का घेतात? आमच्या वेळी तर सर्जन म्हणजे राजा होता.

हा प्रश्न विचारणारे बहुधा साठीचे डॉक्टर काका असतात, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. त्यांच्या पिढीत हुशार मुलगा मेडिसिन किंवा सर्जरी घ्यायचा. पेशंट नको असलेला रेडिओकडे जायचा, अशी समजूत होती. आता पहिल्या शंभरांतली बरीच मुलं मेडिसिन नाहीतर रेडिओ घेतात.

कारणं बरीच आहेत, पण माझ्या मते सगळ्यात मोठं कारण वर्षांचा हिशोब आहे. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमएस सर्जरीची तीन, आणि आता नुसत्या सर्जरीवर भागत नाही म्हणून एमसीएचची, म्हणजे सर्जरीतल्या सुपरस्पेशालिटीची, आणखी तीन. झाली साडेअकरा. रेडिओत साडेआठ वर्षांत माणूस कामाला लागतो, आणि पुढचं शिकला नाही तरी त्याचं अडत नाही. तिशीच्या आत स्वतःच्या पायावर उभं राहायचं असेल तर हा फरक मोठा आहे.

दुसरं कारण मुलं उघड बोलत नाहीत, पण मेसेजमध्ये येतंच. कॅज्युअल्टीत डॉक्टरांना मारहाण झाल्याचे व्हिडिओ प्रत्येक इंटर्नच्या फोनमध्ये आहेत. नातेवाइकांचा जमाव वॉर्डात येतो, रिपोर्टिंग रूमपर्यंत सहसा पोचत नाही.

तिसरं कारण मशीन. माझ्या लहानपणी सीटी करायचा म्हणजे घरातल्या दोन माणसांनी पेशंटला घेऊन बेळगाव नाहीतर मिरज गाठायची. आज तालुक्याच्या गावातसुद्धा स्कॅन होतो. साध्या पोटदुखीवरही सोनोग्राफी लिहिली जाते. काम वाढलं तशी मागणी वाढली.

मुलींचा कल या ब्रँचकडे वाढला, त्याला ड्यूटीची वेळ ठरलेली असते हे कारण आहेच. सासरच्यांना 'रात्री-अपरात्री जावं लागत नाही' असं सांगता येतं. हे अर्धसत्य आहे, प्रश्न ७ पाहा.

३. किती रँकला रेडिओ लागतो? एक आकडा सांगा ना.

नाही सांगणार, कारण तसा एक आकडा नसतोच. प्रवर्ग, राज्य, सीटचा प्रकार, फेरी, यातलं काहीही बदललं की आकडा हजारोंनी सरकतो. देशातल्या नामवंत सरकारी कॉलेजांची रेडिओची सीट पहिल्या काही शेकड्यांत संपते, एवढं धरून चाला.

परीक्षा २०० प्रश्नांची, ८०० गुणांची. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. पात्र ठरणं वेगळं आणि सीट लागणं वेगळं. २०२३ मध्ये पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणली होती, तेव्हा गावात "पोरगा क्वालिफाय झाला" म्हणून पेढे वाटलेले मला माहीत आहेत. त्या रँकवर रेडिओ मिळतो तो फक्त पैशाच्या दारातून. त्याबद्दल प्रश्न ६.

करायचं काय? एमसीसी (केंद्राची मेडिकल काउन्सेलिंग कमिटी) आणि केईए (कर्नाटक परीक्षा प्राधिकरण) दोन्ही आपापल्या साइटवर फेरीनिहाय अलॉटमेंट टाकतात. मागच्या दोन वर्षांच्या याद्या उतरवून घ्या, आपला प्रवर्ग लावा, आणि रेडिओची शेवटची रँक कॉलेजागणिक वहीत लिहा. एक रविवार जातो. कुठल्याही काउन्सेलरला पैसे मोजण्यापेक्षा हे बरं.

४. बेळगावच्या आसपासच राहायचंय. कोणत्या कॉलेजला कुठून अर्ज करायचा?

कॉलेजचं नाव नंतर बघा, आधी त्याचं दार ओळखा. बेळगावचं जेएनएमसी १९६३ सालचं. ते आज केएलईच्या अभिमत विद्यापीठाखाली येतं, त्यामुळे तिथल्या पीजी सीटा एमसीसीकडून भरतात. विजापूरचं बीएलडीई आणि कोल्हापूरचं डी. वाय. पाटील यांचंही तसंच. अभिमतसाठी परत मिळणारं डिपॉझिट दोन लाख असतं, ते आधीच बाजूला ठेवा. पहिल्या फेरीत लागलेली सीट सोडली तर काही कापत नाहीत. दुसऱ्या फेरीपासून डिपॉझिट बुडतं आणि पुढच्या फेऱ्यांत त्याहून कडक नियम लागतात.

बेळगावचं बिम्स, हुबळीचं सरकारी कॉलेज, मिरज, कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालयाशी जोडलेलं कॉलेज, बांबोळीचं गोवा मेडिकल ही सगळी सरकारी. त्यांच्या पीजीच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, त्या एमसीसी भरते. उरलेल्या निम्म्या राज्याच्या: कर्नाटकात केईए, महाराष्ट्रात सीईटी सेल. रेडिओच्या जागा कुठे किती आहेत ते दरवर्षीच्या सीट मॅट्रिक्समध्येच पाहा. मागच्या वर्षीच्या सिनिअरच्या आठवणीवर विसंबू नका.

५. घर निपाणीत, एमबीबीएस महाराष्ट्रात. मी कोणत्या राज्याची?

सीमाभागातला हा आपला खास प्रश्न. मेसेजमध्ये येतो तेव्हा त्यात थोडं राजकारण, थोडी आजोबांची आठवणही असते.

महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मुलांसाठी तिकडे एमबीबीएसच्या काही जागा राखीव असतात. त्यातून बरीच मुलं महाराष्ट्रात शिकतात. तेव्हा घरात सगळे खूश असतात, पीजीचा विचार कोणी करत नाही. पण पीजीच्या राज्य कोट्यात घर कुठे आहे यापेक्षा एमबीबीएस कुठे केलं याला वजन येत चाललं आहे. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय पीजीत अधिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. ज्या संस्थेत शिकलात तिथल्या मुलांना वाजवी प्रमाणात प्राधान्य द्यायला मुभा ठेवली.

म्हणून रेशनकार्ड, आजोबांचा शाळेचा दाखला, तहसीलदाराचा अधिवास असा गठ्ठा घेऊन धावू नका. एमबीबीएस आणि इंटर्नशिपची कागदपत्रं आधी नीट करा, आणि दोन्ही राज्यांची त्या वर्षीची माहितीपुस्तिका पात्रतेच्या पानापासून वाचा. अखिल भारतीय कोट्यातल्या निम्म्या जागांना तर राज्याचा प्रश्नच येत नाही.

६. रँक कमी आहे, पण शेत विकून मॅनेजमेंट सीट घ्यायची बाबांची तयारी आहे. घेऊ का?

इथे मी नेहमी कडू बोलते. रेडिओची खाजगी फी इतर ब्रँचपेक्षा जास्त असते, कारण घेणारे आहेत. समजा एक कोटीचं कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी काढलं. महिन्याचा हप्ता पडतो सुमारे १ लाख ३२ हजार. एमडी होऊन पहिल्या नोकरीत बसाल तेव्हा तो हप्ता आधी जाईल, घरभाडं मग. आणि त्यात अजून तुमचं स्वतःचं मशीन आलेलं नाही. स्वतःचं सेंटर काढायचं म्हटलं तर कर्जावर कर्ज.

शेत विकलं तर व्याज नाही, हे खरं. पण ते शेत ज्या धाकट्या भावाचंही आहे, त्याला कोणी विचारलं आहे का? हा प्रश्न मी विचारला की पलीकडून बराच वेळ 'टाइपिंग...' दिसत राहतं.

तोंडी आश्वासन देऊन 'सीट अडवून ठेवतो' म्हणणाऱ्या एजंटापासून लांब राहा. मॅनेजमेंट आणि एनआरआय सीटसुद्धा काउन्सेलिंगमधूनच जातात, नीट-पीजीची रँक लागतेच. माझ्या ओळखीच्या एका घराने असे पैसे दिले होते. सीट मिळाली नाही, पैशांचा निम्माही भाग परत आला नाही, आणि लाजेपोटी तक्रारही केली नाही.

७. रेडिओ म्हणजे आरामाची ब्रँच, बरोबर ना?

डिसेंबरातली एक रात्र सांगते. उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे सीटीची रांग वाढते. मागे लाल दिवा नसलेली, उसाने भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी असते, आणि धुक्यात मोटरसायकलवाला तिच्यावर आदळतो. रेसिडेंट असताना एका रात्री तासाभरात असे तीन डोक्याचे स्कॅन आले. टेक्निशियन दमलेला, सर्जन दारात उभा: "रक्त आहे का? किती? मिडलाइन सरकलीय का?" त्या क्षणी पुस्तक उघडून बघायला वेळ नसतो. मी चूक सांगितली तर तो उगाच कवटी उघडेल, नाहीतर उघडायची असताना उघडणार नाही. तिसऱ्या मुलाचे शर्टाचे खिसे मोकळे करताना उसाचं पाचट निघालं, तेवढंच आठवतं. त्याच्या स्कॅनमध्ये सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आता दिवस बघा. सकाळी नऊपासून सोनोग्राफी. साठ पेशंट झाले की मनगट आणि खांदा बोलायला लागतात. अंधारी खोली, हाताला जेली, आणि एका मागून एक पोटं. श्वास धरायला सांगताना जीभ दोन भाषांत फिरते: "मावशी, दम धरा... सोडा", आणि पुढच्याच पेशंटला "उसिरु तगोळ्री, हिडकोळ्री... बिडरी". उरलेल्या वेळात बेरियम, एचएसजी (गर्भनलिकांचा एक्स-रे), बायोप्सी, क्लास, थिसिस. पहिल्या वर्षाची मुलं फिल्म आणि फॉर्म सांभाळण्यातच अर्धी होतात.

वॉर्डाचा राउंड नसतो, हा आराम. पण एका दिवसात तुम्ही शंभर माणसांबद्दल लेखी मत देता, आणि त्यातलं प्रत्येक मत सहीसकट कागदावर राहतं. ज्याला पेशंटशी बोलून, त्याला बरा होताना बघून बरं वाटतं, त्याने इंटर्नशिपमध्ये सलग पंधरा दिवस सोनोग्राफीच्या खोलीत उभं राहून बघावं. टॉपरची ब्रँच म्हणून आलेली आणि दुसऱ्या वर्षी गप्प झालेली मुलं मी पाहिली आहेत.

८. एमडी, डीएनबी, डिप्लोमा : काय घ्यावं?

एमडी आणि डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची, एमडीच्या बरोबरीची पदवी) दोन्ही तीन वर्षं, नोकरीत दोघांनाही मान. डीएनबीची शेवटची परीक्षा देशभर एकच, त्यामुळे अवघड समजतात. डीएनबी घेताना हॉस्पिटलमध्ये स्वतःचं एमआरआय आहे का आणि सोनोग्राफी रेसिडेंटच्या हाती देतात का, हे तिथल्याच रेसिडेंटला विचारा. डिप्लोमा दोन वर्षांचा. बऱ्याच कॉलेजांनी त्या जागा एमडीत बदलून घेतल्या, तरी त्याच राष्ट्रीय मंडळाचा (एनबीईएमएस) डिप्लोमा आहे. तो करून पुढे दोन वर्षांची डीएनबी करता येते.

९. एआय आल्यावर रेडिओलॉजिस्ट लागणार तरी का?

२०१६ मध्ये एआयचे नामवंत शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवा, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा चांगलं वाचेल. त्याच हिंटनना २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, म्हणजे माणूस लहान नाही. पण पाच वर्षं कधीच उलटली, आणि आमच्याकडे रिपोर्टची थप्पी कमी झालेली नाही.

एआय खोटं आहे असं मी म्हणणार नाही. छातीच्या एक्स-रेत टीबी ओळखायला असं सॉफ्टवेअर वापरावं, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच केली. माझ्या अंदाजाने नुसते साधे एक्स-रे वाचून पोट भरणाऱ्याचं काम पातळ होईल. सोनोग्राफीचा प्रोब मात्र कोणाला तरी हातात धरावाच लागेल. बायोप्सीची सुई आणि "आधी काय ऑपरेशन झालं होतं?" हा प्रश्नही कोणाला तरी करावाच लागेल. नुसत्या एआयच्या भीतीने ब्रँच सोडू नका. पण दहा वर्षांपूर्वी सिनिअरने घेतली ती नोकरी तुम्हाला तशीच मिळेल, हेही धरू नका.

१०. रेडिएशनमुळे मूल होण्यात अडचण येते का? लग्न ठरत आहे, सासरकडून विचारलंय.

सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये हे रेडिएशन नसतंच. एक्स-रे, सीटी, फ्लुओरोस्कोपीत असतं. त्यासाठी लेड ॲप्रन आणि छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा बिल्ला. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. नियम पाळणाऱ्याचं रीडिंग याच्या खूप खाली राहतं. दिवस राहिले की विभागप्रमुखांना लगेच सांगायचं. पुढच्या काळात गर्भाला १ मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त पोचू नये असा नियम आहे, म्हणून फ्लुओरोची ड्यूटी बदलून देतात. मी गरोदरपणात आठव्या महिन्यापर्यंत सोनोग्राफी केली. त्रास झाला तो कमरेला.

११. कन्नड येत नाही. अडेल का?

परीक्षेत नाही. पेशंटसमोर पहिले दोन महिने अडेल. चाळीस वाक्यं पाठ करा, भागतं.

१२. पीसीपीएनडीटीची एवढी धास्ती का? आपण चूक केली नाही तर काय होणार?

कायदा १९९४ चा. गर्भलिंग तपासायचं नाही, सांगायचं नाही, सुचवायचंही नाही. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. रेसिडेंटला ठाऊक नसतो तो कागद. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीला फॉर्म एफ भरायचा आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेच्या आत द्यायचा. रेकॉर्ड दोन वर्षं जपायचं. मशीन, पत्ता, डॉक्टर बदलायचा असेल तर ३० दिवस आधी कळवायचं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की रेकॉर्ड न ठेवणं ही नुसती कारकुनी चूक नव्हे, तो गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि आरोप निश्चित झाले की वैद्यकीय परिषदेची नोंदणी निलंबित होऊ शकते.

सही राहिली, पत्ता अर्धवट, तारीख खोडली, एवढ्यावरून सेंटर सील झाल्याचं ऐकून मुलं घाबरतात. माझी एक मैत्रीण याच कारणाने प्रसूतीची सोनोग्राफी करतच नाही. तिचा राग मला समजतो. पण २०१७ च्या मार्चमध्ये म्हैसाळला, आपल्या कागवाडच्या सीमेपासून थोड्या अंतरावर, पुरलेले १९ भ्रूण सापडले. पेशंट सीमेच्या अलीकडूनही जात होते. एका राज्यात धाक वाढला की धंदा दुसऱ्या राज्यात सरकतो, हे या भागाने पाहिलेलं आहे. म्हणून अधिकारी आपल्याकडे जास्त संशयाने बघतात, आणि ते मला चूक वाटत नाही.

काउंटरवर अजूनही हळूच विचारतात, "डॉक्टर, पेढा की बर्फी?" रेसिडेंटने हसायचंसुद्धा नाही. मी पाटीकडे बोट दाखवते.

१३. सकाळी बेळगाव, दुपारी चंदगड : दोन्हीकडे बसता येईल का?

अंतर थोडं आहे, पण मध्ये राज्याची हद्द आहे. सोनोग्राफीसाठी प्रत्येक सेंटरच्या नोंदणीत तुमचं नाव हवं. एका जिल्ह्यात एका डॉक्टरला जास्तीत जास्त दोन सेंटर. बेळगावचा आणि कोल्हापूरचा सक्षम अधिकारी वेगळा, म्हणजे दोन फायली. त्याखेरीज कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही वैद्यकीय परिषदांची नोंदणी करून घ्या. मशीन गाडीत टाकून इकडून तिकडे नेणं हा विचारही मनात आणू नका.

१४. एमबीबीएसनंतर सहा महिन्यांचं ट्रेनिंग घेऊन सोनोग्राफी करता येते म्हणे. मग रेडिओची मारामारी कशाला?

२०१४ च्या नियमांनी असं ट्रेनिंग आहे, ३०० तासांचं, शेवटी परीक्षा. पण ते पोट आणि गर्भाच्या सोनोग्राफीपुरतं. त्याने सीटी-एमआरआय वाचता येत नाही आणि नावापुढे रेडिओलॉजिस्ट लावता येत नाही. खेड्यात दवाखाना चालवणाऱ्याला उपयोगी आहे. प्रश्न १२ मधला सगळा कागद त्यालाही लागू.

१५. नोकरी, स्वतःचं सेंटर, की घरी बसून टेलिरेडिओलॉजी?

पहिली तीन वर्षं नोकरी करा, शक्यतो जिथे सिनिअर तुमचे रिपोर्ट पुन्हा बघतो तिथे. टेलिरेडिओलॉजीत अथणी-चिकोडीचे रात्रीचे स्कॅन घरातून वाचता येतात. रिपोर्टमागे पैसे, म्हणून वेगाचा मोह होतो, आणि समोर पेशंट नसल्याने चूक उशिरा कळते. सेंटर काढणारे बहुतेक जण 'रेफरल'च्या गणितात अडकतात. पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांना कट द्यायचा नाही असं ठरवलंत तर पहिली दोन वर्षं खुर्च्या रिकाम्या दिसतील, त्याची तयारी ठेवा. पुढे शिकायचंच असेल तर इंटरव्हेन्शनल किंवा न्यूरोरेडिओलॉजीत डीएम, म्हणजे सुपरस्पेशालिटी, आहे. सुई-कॅथेटर आवडणाऱ्याला इंटरव्हेन्शनल उत्तम, पण मग रात्रीची झोप गेलीच समजा.

१६. अमेरिकेत जाऊन रेडिओ करणं सोपं पडेल का?

सोपं नाही. तिकडेही या ब्रँचची हवा चढते-उतरते. नव्वदच्या दशकाच्या मध्यात आणि पुन्हा २०१० नंतरच्या काही वर्षांत नोकऱ्यांच्या काळजीने तिकडची मुलं लांब गेली होती, मग परत वळली. कोर्स पाच वर्षांचा: एक वर्ष इंटर्नशिप, चार वर्षं रेडिओ, वर बहुतेक जण एक वर्ष फेलोशिप करतात. २०२२ पासून तिकडच्या यूएसएमएलई परीक्षेच्या स्टेप १ ला गुण मिळत नाहीत, फक्त पास-नापास, त्यामुळे बाहेरच्या मुलांचं गुणांवर उठून दिसण्याचं एक साधन गेलं. इंग्लंडचं एफआरसीआर, म्हणजे तिकडची रेडिओलॉजीची परीक्षा, इथे काम करता करता देता येतं. त्याचा पहिला भाग फिजिक्स आणि ॲनाटॉमीचा आहे, म्हणून एमडीच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास ताजा असतानाच बरीच मुलं तो उरकतात.

१७. यंदा रेडिओ नाही लागला, मेडिसिन लागतंय. ड्रॉप घेऊ?

मेडिसिन लागत असेल तर माझं उत्तर बहुतेकदा 'नको' असतं. त्या रँकवर पुढच्या वर्षी रेडिओ लागेलच असं नाही, आणि वर्षभर नुसत्या खोलीत बसून इंटर्नशिपमध्ये शिकलेला हात विसरतो. मेडिसिनची खाट, स्टेथोस्कोप, राउंड हे तुम्हाला खरंच नकोसं वाटत असेल तर गोष्ट वेगळी. मागच्या वर्षी खानापूरच्या एका मुलीने मला हेच विचारलं. मी विचारलं, इंटर्नशिपमध्ये कोणत्या पोस्टिंगला वेळेआधी पोचायचीस? ती म्हणाली, मेडिसिनच्या. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे, आणि सोनोग्राफीचा पेशंट पाठवताना फॉर्मवर क्लिनिकल हिस्ट्री अर्धं पान लिहून पाठवते. बाकीचे रेसिडेंट तिथे 'पोटदुखी' एवढंच लिहितात.